कथाकाराने लिहिलेला इतिहास : ऊर्मिला पवार आणि महाडला आलेल्या बायका

दरवर्षी २० मार्चला महाडचे रूप पालटते. एसटी स्थानकापासून चवदार तळ्यापर्यंत माणसांची रीघ लागते. पुस्तकांची दुकाने मांडली जातात, निळे झेंडे फडकतात. कुणी विदर्भातून आलेले असते, कुणी मराठवाड्यातून, तर कुणी पोलादपूरच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीतून. या गर्दीत बायका मोठ्या संख्येने असतात. कडेवर मूल आणि खांद्याला भाकरीची पिशवी घेऊन त्या तळ्याच्या पायऱ्या उतरतात, ओंजळभर पाणी घेतात आणि कपाळाला लावतात.

या गर्दीतल्या कुणालाही १९२७ सालच्या सत्याग्रहातली नावे विचारली, तर ती भराभर सांगता येतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तर आहेतच. त्यांच्यामागे सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ही नावे येतात. मग पुढचा प्रश्न विचारावा : त्या वर्षी महाडला आलेल्या बायकांपैकी एकीचे तरी नाव सांगा. इथे बहुतेक जण थबकतात.

हा प्रश्न पहिल्यांदा गांभीर्याने विचारला गेला तो सत्याग्रहाला साठ वर्षे होत आल्यावर. विचारणाऱ्या होत्या मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार. त्यांतल्या ऊर्मिला पवार या मुळात कथालेखिका. विद्यापीठात इतिहास शिकवणाऱ्या नव्हत्या. सरकारी कचेरीत नोकरी करून, घर सांभाळून कथा लिहिणाऱ्या होत्या. कोकणातल्या एका बांबूकाम करणाऱ्या आईच्या या लेकीने महाडच्या इतिहासातली एक मोठी रिकामी जागा कशी भरली आणि ते काम कथालेखिकेलाच का साधले, याचा शोध या लेखात घ्यायचा आहे.

महाड–पोलादपूर : पार्श्वभूमी

आपल्या या दोन तालुक्यांचा लेखनाशी संबंध जुना आहे. ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपूरला आहे. समर्थांची शिवथरघळ महाड तालुक्यात आहे. पण याच मातीत आणखी एक लेखनपरंपरा उगवली आणि तिची आठवण आपल्याला उशिरा झाली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेला शास्त्राचा कोणता आधार आहे, असा जाहीर सवाल केला. १८९५ साली त्यांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या शेजारी बसण्यावरून वाद झाला. म्हणजे १९२७ साली जे घडले, त्याची मुळे इथल्या जमिनीत चाळीस वर्षे आधीच रुजलेली होती.

लष्करातल्या नोकरीमुळे महाड, पोलादपूर, खेड, दापोली या पट्ट्यातल्या महार समाजात निवृत्तिवेतन घेणारी, लिहिता-वाचता येणारी माणसे होती. महाड हे बाजारपेठेचे गाव. सावित्रीच्या खाडीतून दासगाव बंदरापर्यंत माल यायचा आणि भोवतालच्या खेड्यांतली माणसे बाजाराला यायची. त्यांना या बाजारात मीठ-मिरची मिळे. प्यायला पाणी मात्र मिळत नसे. सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव संमत करून घेतला. त्यानुसार महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले. पण कागदावर खुले झालेले पाणी ओंजळीत यायला आणखी तीन वर्षे लागली.

१९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी परिषदेचे प्रतिनिधी रांगेने तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर हे लोक वीरेश्वराच्या देवळातही शिरणार अशी अफवा उठली आणि परतीच्या तयारीत असलेल्या, जेवायला बसलेल्या माणसांवर हल्ला झाला. पुढे तळे ‘शुद्ध’ करून घेण्यात आले आणि नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. म्हणून त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून महाडला दुसरी, त्याहून मोठी परिषद झाली. कुणी हिंदू जमीनमालक जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांच्या जागेत मांडव पडला. २५ डिसेंबरच्या रात्री सहस्रबुद्धे यांच्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जाण्यास दिवाणी कोर्टाची मनाई होती. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला आणि लढा कोर्टात नेला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला, तेव्हा या पाण्यावरचा हक्क कायद्याने कायम झाला.

डिसेंबरची परिषद आटोपता आटोपता बाबासाहेबांनी महाडमध्ये बायकांची वेगळी सभा घेतली. अस्पृश्यता ओळखू यावी अशी लुगडी नेसू नका, कथला-पितळेचे जड दागिने अंगावर वागवू नका, मेलेल्या जनावराचे मांस घरात आणू देऊ नका, मुलींना शाळेत घाला, असा त्या सभेतल्या उपदेशाचा आशय होता. गुडघ्यापर्यंत नेसलेले लुगडे घोट्यापर्यंत आले ते तिथूनच. चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या बायकांनी त्या वेळी लुगडे नेसवून दाखवले, ही आठवण चळवळीत जपली गेली आहे.

इतके सारे घडले, पण लिहिणाऱ्यांच्या कागदावर त्या बायका ‘स्त्रियाही मोठ्या संख्येने हजर होत्या’ एवढ्या एका वाक्यात उरल्या. त्या कोणत्या गावाहून आल्या, चालत की बैलगाडीने, घरी पोरे कुणाकडे ठेवली, नेसण बदलून गावी परतल्यावर सासू काय म्हणाली, खोत काय म्हणाला, यांतले काहीच त्या वाक्यात नाही. हे सारे विचारायला ज्या लेखिका निघाल्या, त्यांतल्या एकीचे घडणे आता पाहू.

फणसवळे ते रत्नागिरी

ऊर्मिला पवार यांचा जन्म ७ मे १९४५ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. गाव फणसवळे. रत्नागिरीहून मुंबईला निघालेली एसटी कशेडी घाट उतरली की पोलादपूर आणि मग महाड लागते, म्हणजे अंतर बरेच आहे. पण वाडीचे जगणे फारसे निराळे नव्हते. फणसवळ्याच्या बायका लाकूडफाटा, गवत, आंबे, भात डोक्यावर घेऊन डोंगर तुडवत रत्नागिरीच्या बाजाराला जात. पोलादपूरच्या कापडे, देवळे, उमरठ भागातली म्हातारी माणसे महाडच्या बाजाराच्या अशाच आठवणी सांगतात. ऊर्मिलाताईंच्या आत्मकथनाची सुरुवातच या बाजाराला निघालेल्या बायकांनी होते. वाचणाऱ्याच्या मनात पहिल्याच पानावर डोंगराची चढण आणि डोक्यावरचे ओझे उभे राहते.

वडील शिक्षक होते. मुलांनी शिकलेच पाहिजे हा त्यांचा हट्ट. त्यासाठी त्यांनी बिऱ्हाड शहराजवळ आणले. पण ऊर्मिला लहान असतानाच ते गेले आणि घराचा भार आईवर आला. आई बांबूच्या वस्तू विणून विकू लागली. सूप, टोपली, रोवळी, हारा, करंडा अशा वस्तूंना कोकणात ‘आयदान’ म्हणतात. देशावर हे काम बुरूड समाजाचे. कोकणात मात्र महार समाजही ते करत आला. बांबू आणायचा, फोडायचा, त्याच्या बेळ काढायच्या, तासून गुळगुळीत करायच्या आणि मग विणायला बसायचे. यात बोटे चिरली जातात. पावसाळ्यात काम वाढते, कारण पेरणी-लावणीला टोपल्या-इरली लागतात. पहाटेपासून रात्रीपर्यंत आईचे हात थांबत नसत.

तयार झालेला माल गिऱ्हाइकाच्या घरी पोचवण्याचे काम पोरांचे. तिथे मालावर पाणी शिंपडून तो आत घेतला जाई आणि पैसे वरून हातावर टाकले जात. शाळेत शिक्षकांनी शेण काढायला लावले आणि नकार दिला म्हणून मारले, हा प्रसंगही त्यांनी लिहिला आहे. त्यात लक्षात राहते ती आई. एरवी मुकाट्याने विणत बसणारी ही बाई त्या शिक्षकांना भर रस्त्यात जाब विचारते आणि त्यानंतर शेण काढणे बंद होते. पुढे ऊर्मिलाताईंच्या कथांत ज्या बायका आल्या, त्यांचा पहिला नमुना इथे सापडतो. शिक्षण नाही, पैसा नाही, पाठीशी पुरुष नाही; पण अपमान कुठे थांबवायचा हे त्यांना कळते.

१९५६ साली धर्मांतर झाले तेव्हा ऊर्मिला अकरा वर्षांच्या होत्या. घरातले देव गेले, नवी शिस्त आली. त्या शिस्तीत वाढलेली ही पहिली पिढी. महाडच्या सभेत ‘मुलींना शाळेत घाला’ असे जे सांगितले गेले, त्याचे फळ वीस-तीस वर्षांनी कोकणातल्या वाड्यावाड्यांत दिसू लागले, त्या फळांपैकी एक म्हणजे ही मुलगी. याची जाणीव असल्याशिवाय त्यांचे पुढचे काम नीट कळत नाही.

मुंबई, नोकरी आणि कथा

लग्नानंतर त्या मुंबईला आल्या. सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी, घर, मुले, लोकलचा प्रवास हे सारे चालू असताना त्यांनी शिक्षण पुढे नेले आणि मराठी घेऊन एम. ए. केले. कथा लिहिणे चालू होतेच.

तो काळ दलित साहित्याच्या भरतीचा होता. बाबूराव बागूलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ साली आला होता, दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. दलित स्त्रियाही लिहू लागल्या होत्या. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ १९८१ चे, मुक्ता सर्वगोड यांचे ‘मिटलेली कवाडे’ १९८३ चे; शांताबाई कांबळे यांची ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ आणि बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ ही पुस्तके १९८६ साली निघाली. ही सारी प्रामुख्याने आत्मकथने. कथा हा प्रकार सातत्याने हाताळणाऱ्या दलित स्त्रिया त्या वेळी थोड्या होत्या. ऊर्मिला पवारांचा पहिला संग्रह ‘सहावं बोट’ १९८८ साली आला, दुसरा ‘चौथी भिंत’ १९९० साली आणि तिसरा ‘हातचा एक’ २००४ साली.

मराठी कथा-कादंबरीत कोकण काही नवे नव्हते. श्री. ना. पेंडशांनी दापोलीकडचे, मधु मंगेश कर्णिकांनी मालवणी मुलखातले कोकण दाखवले होते. माडा-पोफळीची आगरे, खोतांची घरे, समुद्र, खाडी हे सगळे वाचकांच्या परिचयाचे होते. ऊर्मिलाताईंच्या कथेत कोकण दिसते ते वाडीच्या बाहेरच्या वस्तीतून. तिथून आगर दिसते ते कुंपणापलीकडचे, आणि खोताचे घर दिसते ते अंगणात उभे राहून. त्यातही त्यांचे लक्ष असते वस्तीतल्या बाईकडे. तिला गावाकडून जातीचा जाच असतो आणि घरात, भावकीत, पंचांसमोर बाई म्हणून दुसरा जाच असतो.

‘कवच’ या त्यांच्या गाजलेल्या कथेत बाजारात आंबे विकणारी आई आणि तिचा शाळकरी मुलगा आहे. आंब्यांच्या नावावरून बाजारातले पुरुष आईशी द्वयर्थी बोलतात. शाळेत जाणाऱ्या मुलाला त्या शब्दांचा अर्थ नुकताच कळू लागला आहे, त्यामुळे तो शरमेने आणि रागाने होरपळतो. आई मात्र तेच शब्द उलटवून माणसांना गप्प करते आणि आंबे विकते. तिला रोज बाजारात बसायचे आहे, घर चालवायचे आहे. तिची जीभ हेच तिचे चिलखत. ही कथा पुढे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात लागली, तेव्हा तिच्यावर अश्लीलतेचा आक्षेप घेतला गेला. महाडच्या किंवा बिरवाडीच्या बाजारात ज्यांनी आपल्या आजीला माल विकताना पाहिले आहे, त्यांना या कथेतली भाषा अश्लील वाटणार नाही, ओळखीची वाटेल.

त्यांच्या दुसऱ्या तऱ्हेच्या कथा मुंबईच्या आहेत. चाळीतून फ्लॅटमध्ये जाऊ पाहणाऱ्या, कचेरीत नोकरी करणाऱ्या, शिकलेल्या दलित स्त्रियांच्या. जात तिथे वेशीवर उभी नसते. ती डब्यात, हळदीकुंकवाच्या आमंत्रणात, नव्या शेजाऱ्यांनी आडनाव विचारण्याच्या पद्धतीत असते. नवराही चळवळीतला असतो, सभेत समतेवर बोलतो आणि घरी आल्यावर चहाची वाट पाहतो. या दोन्ही तऱ्हांच्या कथांत लेखिका उपदेश करत नाही. बाई काय बोलली आणि काय गिळून गप्प बसली, ते ती ऐकते आणि लिहिते. ऐकण्याची हीच सवय तिला इतिहासाकडे घेऊन गेली.

‘आम्हीही इतिहास घडवला’

१९८० च्या दशकात मुंबईत स्त्रीवादी गट काम करू लागले होते. ऊर्मिलाताई त्यांच्या बैठकांना जात. तिथे स्त्रीच्या दुःखाची चर्चा होई, पण जातीचा उल्लेख अभावानेच. दलित चळवळीच्या व्यासपीठावर जातीची चर्चा होई, पण तिथे बाई समोरच्या सतरंजीवर. या दोन्ही ठिकाणचा रितेपणा जाणवल्यामुळे आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास लिहिण्याची गरज पुढे आली. मीनाक्षी मून यांच्यासह त्यांनी केलेले ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली स्त्री उवाच प्रकाशनाने प्रसिद्ध केले.

पुस्तकाचे वर्ष ध्यानात घ्यावे. ‘सहावं बोट’ १९८८, हा इतिहास १९८९, ‘चौथी भिंत’ १९९०. म्हणजे दोन कथासंग्रहांच्या मधोमध हे काम उभे आहे.

पुस्तकाचे दोन भाग आहेत. एका भागात जुनी वृत्तपत्रे, अहवाल, भाषणे यांतून स्त्रियांच्या सहभागाचा धागा काढला आहे. महाडचा सत्याग्रह, नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह, ठिकठिकाणच्या महिला परिषदा, जुलै १९४२ मध्ये सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली नागपूरला झालेली अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद, १९५६ चे धर्मांतर असा तो प्रवास आहे. दुसऱ्या भागात प्रत्यक्ष चळवळीत असलेल्या बायकांच्या मुलाखती आहेत.

हा दुसरा भाग म्हणजे या पुस्तकाचा प्राण. १९२७ साली पंधरा वर्षांची असलेली मुलगी १९८७ साली पंचाहत्तरीची झालेली होती. आणखी दहा वर्षे उशीर झाला असता, तर ती भेटलीच नसती. नोकरीतून सुट्टी काढून, पत्ते शोधत जायचे. दारात बहुधा घरातला पुरुष भेटायचा आणि माहिती आपणच द्यायची असे त्याला वाटायचे. बाईला विचारले तर ती म्हणायची, मला काय कळतंय? मग तिच्याशी आधी गावाचे, पोरांचे, सांध्यांच्या दुखण्याचे बोलायचे. बोलता बोलता ती सभेवर यायची. सभेला जाताना भाकरी कशी बांधून नेली, नवऱ्याने कशी मारहाण केली किंवा कसा पाठिंबा दिला, बाबासाहेबांना पाहिले तेव्हा अंगावर कोणते लुगडे होते, हे सारे तिला आठवायचे.

कागदपत्रांवर काम करणाऱ्या इतिहासकाराला तारीख आणि ठराव हवा असतो. त्या दोन्हींची गरज असतेच. पण ज्या बाईला लिहिता येत नव्हते, जिचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नव्हते, तिचा पुरावा तिच्या आठवणीतच असतो. तो ओळखायला कान लागतो. बाई मध्येच गप्प झाली तर ती का गप्प झाली हे कळावे लागते. लुगड्याच्या गोष्टीतून सत्ता कुठे सरकली हे ऐकू यावे लागते. हे कथालेखिकेचे कौशल्य आहे. ऊर्मिलाताईंनी आईचे आणि वाडीतल्या बायकांचे बोलणे लहानपणापासून असेच ऐकलेले होते.

या पुस्तकाने महाडचा अर्थच बदलतो. एरवी आपण महाडला पाण्याचा सत्याग्रह म्हणतो, आणि ते खरेच आहे. पण कोकणातल्या वाडीत पाणी भरते कोण? विहिरीपासून लांब उभे राहून, कुणीतरी वरून ओतेल म्हणून तासन्‌तास थांबणारी बाईच होती. पाण्याच्या बंदीचे रोजचे ओझे तिच्या डोक्यावर होते. मनुस्मृतीचे दहन झाले, त्या ग्रंथाने अतिशूद्रांना जे नाकारले त्यातले बरेच स्त्रियांनाही नाकारलेले होते. म्हणूनच १९९० च्या दशकापासून २५ डिसेंबर हा दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळला जाऊ लागला. महाडमध्ये त्या रात्री जे जळले, त्याचा स्त्रियांशी असलेला संबंध ठसायला साठ-सत्तर वर्षे गेली. तो ठसवण्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे.

वंदना सोनाळकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००८ साली निघाला आणि महाडला आलेल्या बायका जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक झाल्या.

‘आयदान’

दुसऱ्यांच्या आयुष्याचा इतिहास लिहून झाल्यावर चौदा वर्षांनी त्यांनी स्वतःचे आयुष्य लिहिले. ‘आयदान’ २००३ साली ‘ग्रंथाली’ने प्रकाशित केले. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. अनेक वृद्ध बायकांना त्यांनी घरातले, नवऱ्याबद्दलचे, मनातले बोलायला लावले होते. आपली पाळी आल्यावर त्यांनी स्वतःला सूट दिली नाही.

या पुस्तकात बालपणीचा जातीचा जाच आहे, तसा संसाराचा हिशोबही आहे. प्रेमाने जुळलेले लग्न, सोबत, सुख हे सारे त्यांनी लिहिले; आणि शिकणारी, सभांना जाणारी, नाव होणारी बायको पतीला पेलणे जड गेले, तेही लिहिले. तरुण मुलाच्या अकाली मृत्यूचे दुःख लिहिले. दलित आत्मकथनाकडून वाचकांची अपेक्षा ठरून गेली होती : समाजाने केलेला अन्याय सांगावा. घराच्या आतला अन्याय सांगितला की चळवळीची बदनामी होते, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. ऊर्मिलाताईंनी ही भीती मानली नाही. महाडच्या सभेत बायकांना माणूस म्हणून ताठ उभे राहायला सांगितले गेले होते. ते उभे राहणे फक्त गावापुढे असावे आणि घरात नसावे, असे कुणी म्हटले नव्हते.

माया पंडित यांनी ‘आयदान’चा इंग्रजी अनुवाद केला, तो २००८ साली आला. शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांचा जो अभ्यास केला, त्यात ऊर्मिलाताईंचे लेखन आहे. रेगे या आत्मकथनांना साक्ष मानतात. एका बाईने आपल्या वतीने आणि आपल्यासारख्या अनेकींच्या वतीने दिलेली साक्ष. सुषमा देशपांडे यांनी ‘आयदान’ रंगमंचावर आणले. कथांचा इंग्रजी अनुवाद वीणा देव यांनी केला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला.

आता आपले काम

आईने विणलेले सूप किंवा रोवळी दोन-चार पावसाळे टिकते, मग ती चुलीत जाते. विणणाऱ्या बाईचे नाव त्या वस्तूवर कधीच नसते. बायकांनी केलेल्या बहुतेक कामाचे असेच होते. ऊर्मिला पवारांनी त्या नावांपैकी काही वाचवली. त्यांच्या कारकिर्दीकडे पाहताना कथा, इतिहास आणि आत्मकथन हे तीन वेगळे कप्पे करण्याची गरज नाही. तिन्ही ठिकाणी त्यांनी एकच काम केले : ज्या बाईला कुणी विचारले नाही, तिला विचारले.

२०२७ साली महाडच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे होतात. शताब्दीची भाषणे होतील, पुतळे सजतील, स्मरणिका निघतील. त्याआधी महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतल्या आपण काही साधी कामे हाती घ्यायला हवीत. त्या परिषदांना गेलेली बाई आज हयात असणे शक्य नाही. पण तिची लेक, सून, नात अजून आहे. लाडवली, दासगाव, नडगाव, बिरवाडी इथे आहे, कापडे आणि देवळे इथे आहे, आणि मुंबईच्या उपनगरांत गेलेल्या कुटुंबांतही आहे. तिला विचारायचे प्रश्न ‘आम्हीही इतिहास घडवला’ने आपल्याला शिकवलेच आहेत. तुझी आजी महाडला गेली होती का? कुणाबरोबर? मांडवात स्वयंपाक कुणी केला? मार्चमधल्या हल्ल्यानंतर गावी परतल्यावर काय झाले? लुगडे कधीपासून लांब नेसू लागली? कथलाचे दागिने काढले, त्यांचे काय केले? विहिरीवर पहिल्यांदा रहाट कुणी धरला, आणि त्या दिवशी कोण काय बोलले?

शाळेतल्या एखाद्या शिक्षिकेने नववी-दहावीच्या मुलामुलींना दिवाळीच्या सुट्टीत हेच काम दिले, तरी एका वर्षात दोन तालुक्यांची वही भरेल. मोबाइलवर आवाज टिपता येतो, त्याला खर्च नाही. एकच पथ्य पाळावे लागेल. घरातला पुरुष आधी बोलू लागला तर त्याचे ऐकून घ्यावे, चहा घ्यावा आणि मग आत स्वयंपाकघरात जाऊन बसावे. ‘मला काय कळतंय?’ असे आजी म्हणेल. तिथे उठून यायचे नाही. तिच्या गुडघ्यांची चौकशी करावी आणि थांबावे.